भट्टीपेक्षा धूर महाग

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीत गेला आणि जूनअखेर जळून संपला. केंद्र सरकारने त्यासाठी १२६ कोटी रुपये दिले होते. म्हणजे टनाला ३७ लाखांच्या वर. त्याआधी, २०१२ मध्ये, हाच कचरा जर्मनीतील हॅम्बुर्गला नेऊन जाळण्याचा सुमारे २५ कोटींचा प्रस्ताव मंत्रिगटाने मान्य केला होता. तो बारगळला. नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचाही विचार झाला, पण महाराष्ट्राने हात वर केले.

हे आकडे शेजारी मांडून गहजब करणे सोपे आहे. पण वर्षे वेगळी, कामाची व्याप्ती वेगळी. अशा खर्चाचा अंदाज मुळात बांधतात कसा, ते आधी पाहिलेले बरे.

जाळणे हा त्यातला सोपा भाग. पैसा जातो तो चिमणीपर्यंतच्या वाटेवर. आपल्याकडे २००८ पासून लागू असलेल्या मानकांनुसार भट्टीतून बाहेर पडणाऱ्या एका घनमीटर वायूत धूळ ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हायड्रोक्लोरिक आम्लही तेवढेच, आणि डायॉक्सिन या जहाल विषाचे ०.१ नॅनोग्रॅम. ग्रॅमच्या अब्जांशाचा दहावा भाग! ही हद्द पाळायची तर भट्टीमागे यंत्रांची रांगच उभी करावी लागते.

या रांगेची किंमत काढण्याची शिस्त अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घालून दिली. तिथले अभियंते विल्यम वाटावुक यांचे या विषयावरचे पुस्तक १९९० साली आले. त्यांच्या पद्धतीत पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसतो. वायू किती, हा असतो. शून्य अंशाला जेवढी जागा लागते त्याच्या पाचपट जागा तोच वायू ११०० अंशांना व्यापतो. तेवढी मोठी यंत्रे कोण बांधणार? म्हणून तो थंड करायचा. सावकाश केला तर साधारण ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात डायॉक्सिन पुन्हा तयार होते, म्हणून पाणी फवारून झटक्यात करायचा. त्या पाण्याची वाफ होते आणि तीही वायूतच मिसळते. आकारमान पुन्हा थोडे वाढते.

वायू ठरला की यंत्रांचा भाव. क्षमता दुप्पट केली तर किंमत दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होते. नवशिके फसतात ते पुढे. वायू धुणाऱ्या स्क्रबरचे कोटेशन हातात आले की त्यांना वाटते, झाला हिशेब. पाया, उभारणी, वायरिंग, नळ, रंग, चाचणी, ठेकेदार हे सगळे धरले की उभे राहिलेले यंत्र कोटेशनच्या दुपटीच्या आसपास जाते. त्यात आम्लाने लोखंड खाल्ले तर यंत्राचे आयुष्यही घटते. ७ टक्के व्याजाने एक कोटीचे यंत्र वीस वर्षे टिकले तर वर्षाला ९.४४ लाख पडते. दहाच वर्षे टिकले तर १४.२४ लाख. शिवाय या पातळीच्या अंदाजात ३० टक्के इकडेतिकडे होणार, हे पुस्तके उघड सांगतात. दशांश चिन्हापुढे तीन आकडे देणारे अहवाल मला म्हणूनच संशयास्पद वाटतात.

खरा खेळ चालू खर्चाचा. सेकंदाला १० घनमीटर वायू धरू. व्हेंचुरी स्क्रबरमध्ये बारीक धूळ पकडायला पाण्याच्या मीटरभर स्तंभाएवढा दाब खर्ची पडतो, असे समजा. पंख्याची कार्यक्षमता ६० टक्के, वर्षाला ३३० दिवस, वीज ८ रुपये युनिट: नुसत्या पंख्याचे बिल कोटीभर. कापडी पिशव्यांतून वायू गाळणाऱ्या बॅग फिल्टरला पंधरा सेंटिमीटरचा दाब पुरला तर तेच बिल पंधरा-सोळा लाखांवर येते. पण पिशव्या ठिणगीने जळतात, ओल्या वायूने बुजतात, बदलाव्या लागतात. दुकानदार यंत्राची किंमत सांगतो, वीज मंडळ उरलेली.

मग कचऱ्यातले क्लोरीन, ज्याचे जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल होते. एक किलो आम्ल मारायला १.१ किलो कॉस्टिक सोडा लागतो. कोरडा चुना कागदावर किलोभर पुरतो. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट टाकावा लागतो. तळोजा किंवा रांजणगावच्या सामाईक केंद्रात कचरा पाठवणाऱ्या कारखान्याने त्यातले क्लोरीन नीट कळवले नाही, तर अंदाज तिथेच कोसळतो.

हा खर्च चुकवण्याची एक युक्ती इतिहासात आहे. व्हिएतनाम युद्धातून उरलेले ‘एजंट ऑरेंज’ हे वनस्पतिनाशक १९७७ मध्ये पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटाजवळ ‘व्हल्कॅनस’ नावाच्या जहाजावर जाळले गेले. जहाजावर स्क्रबर नव्हता. आम्ल समुद्र जिरवेल, असे गृहीत होते. चुना, सोडा, पंखा, पिशव्या, सगळे रकाने शून्य! अंदाजपत्रक स्वस्त झाले, कारण समुद्र बिल पाठवत नाही.

पीथमपूरला तशी सोय नव्हती. दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या ताशी १३५, १८० आणि २७० किलो वेगाने झाल्या, आणि उरलेला कचराही ताशी २७० किलोनेच गेला. इतक्या संथ गतीने जाळताना इंधन, पंखा आणि माणसे तासावर लागतात, टनावर नाही. चुना आणि इतर रसायने मिसळल्यामुळे शेवटी ८५० टनांहून जास्त राख आणि अवशेष उरले. म्हणजे सुरक्षित लँडफिलचा टनावारी दर अंदाजपत्रकात ३३७ ने नव्हे, ८५० ने गुणायचा.