प्रयोगशाळा वाढतील, प्रयोगांचे काय?

येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तिचे स्वागतच आहे. तथापि अकरावीच्या असंख्य वर्गांत वायूंची उष्मागतिकी फळ्यावरच सुरू होऊन फळ्यावरच संपते. याचे कारण केवळ साधनांची टंचाई हे नव्हे.

सुई काढलेल्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या सावकाश दाबला, की हवेचे आकारमान निम्मे होताना दाब दुप्पट होतो. हा बॉइलचा नियम. हवा झटकन दाबली, तर मात्र उष्णतेला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. २७ अंश सेल्सिअसची हवा उष्णता न गमावता निम्म्या आकारमानात आली, तर तिचे तापमान सुमारे १२० अंशांवर जाते. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटते ते याच तत्त्वाने. सायकलचा पंप तापतो तो घर्षणाने की हवा दाबली गेल्याने? पंपाचे तोंड मोकळे ठेवून तितक्याच वेळा दट्ट्या हलवावा; घर्षण जवळपास तेवढेच, पण पंप कमी तापतो. प्लास्टिकच्या बाटलीत थोडे पाणी व उदबत्तीचा धूर घेऊन झाकण घट्ट लावावे. बाटली दाबून सोडताच प्रसरणाने हवा थंड होते आणि आत धुके दिसते. खासी टेकड्या चढणाऱ्या मोसमी वाऱ्यांतून ढग बनतात तेही असेच.

प्रयोगातून शिक्षण सामान्य सरकारी शाळांतही शक्य असते, हे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने दाखवून दिले. १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमाने शिक्षकांच्या प्रशिक्षणाबरोबरच परीक्षाही बदलली: पुस्तक उघडण्याची मुभा आणि प्रात्यक्षिकाची स्वतंत्र कसोटी. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार करते. पण २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना ‘एनसीईआरटी’ने अकरावीच्या पुस्तकातून उष्मा इंजिने व फ्रीज यांवरील भाग वगळले, कार्नोचे आदर्श इंजिन तेवढे राहिले. जेईई व नीटसाठी कोणालाही प्रयोग करून दाखवावा लागत नाही. जे तपासले जात नाही, ते शिकवलेही जात नाही.

म्हणून नव्या प्रयोगशाळांइतकीच गरज आहे ती वेळापत्रकात राखीव तासांची, शिक्षकांच्या नियमित सरावाची आणि निरीक्षणावर बेतलेल्या प्रश्नांची. दट्ट्याखालची हवा एकदा स्वतः दाबून पाहिलेला विद्यार्थी समीकरणावर विश्वास ठेवण्याआधी ते पडताळून पाहील. विज्ञानशिक्षणाकडून देशाला हवे आहे ते नेमके हेच.