'मॉल' शब्दाचा त्याग : अमेरिकेतील तीन पादचारी पेठांची पुनर्रचना

कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेझ्नो या शहराने १९६४ साली आपल्या मुख्य बाजाररस्त्यावरून मोटारी हद्दपार केल्या आणि त्या रस्त्यास 'फुल्टन मॉल' असे नाव दिले. २०१७ साली त्याच शहराने मोटारी परत आणल्या आणि त्यांच्याबरोबर 'फुल्टन स्ट्रीट' हे जुने नावही परत आले. त्याच राज्यातील सांता मोनिका येथे १९६५ साली 'सांता मोनिका मॉल' अस्तित्वात आला. १९८९ साली त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा तो 'थर्ड स्ट्रीट प्रॉमेनाड' झाला. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर येथील 'सिक्स्टीन्थ स्ट्रीट मॉल' १९८२ साली खुला झाला. त्याची पुनर्बांधणी २०२५ मध्ये पूर्णत्वास गेली आणि त्याच वर्षी नावातील 'मॉल' हे उत्तरपद गळाले. तीन शहरांनी योजिलेले उपाय परस्परांहून भिन्न आहेत, परंतु एका शब्दाचा त्याग तिन्ही ठिकाणी समान आहे. हा योगायोग नव्हे. पादचारी पेठ म्हणजे काय आणि ती कोणासाठी, या प्रश्नांची उत्तरे गेल्या साठ वर्षांत कशी बदलत गेली, याचा मागोवा त्या शब्दाच्या अनुषंगाने घेता येतो. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

१. शब्दाचा प्रवास

'मॉल' हा शब्द मुळात बाजाराचा नाही. तो एका खेळाचा आहे. इटालियन भाषेत 'पाल्ला' म्हणजे चेंडू आणि 'माल्यो' म्हणजे लाकडी हातोडा. या दोहोंच्या समासातून सिद्ध झालेले खेळाचे नाव फ्रेंचमधून सतराव्या शतकात इंग्रजीत 'पॉल-मॉल' या रूपाने रूढ झाले. हा खेळ लांब, सरळ व वृक्षांनी वेढलेल्या पट्टीवर खेळला जाई. लंडन येथील सेंट जेम्सच्या उद्यानाजवळील अशा पट्टीस 'मॉल' हे नाव पडले. पुढे खेळ मागे पडला, पट्टी उरली आणि अठराव्या शतकात 'मॉल' म्हणजे प्रतिष्ठितांनी सावलीत फेरफटका मारण्याची जागा, असा अर्थ दृढ झाला. आपल्याकडील सिमल्याच्या 'मॉल'मध्ये हाच जुना अर्थ शिल्लक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन नगररचनाकारांनी पादचाऱ्यांसाठी राखलेल्या बाजाररस्त्यास 'मॉल' म्हटले, ते या विहारपथाच्या अर्थानेच. परंतु त्याच सुमारास उपनगरांत बंदिस्त, वातानुकूलित अशी व्यापारसंकुले उभी राहू लागली आणि त्यांच्या अंतर्गत मार्गिकांनाही तेच नाव मिळाले. अंशाचे नाव पूर्णास लागले. मार्गिकेवरून सबंध इमारतच 'मॉल' झाली. मराठीत हा शब्द याच शेवटच्या अर्थाने आला असल्याने 'फुल्टन मॉल' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सरकते जिने येतात. आकाशाखालचा रस्ता येत नाही. अमेरिकन ग्राहकाच्या मनातही हेच अर्थांतर घडून आले. जुन्या अर्थाने नाव धारण केलेल्या रस्त्यांना नव्या अर्थाच्या इमारतींशी स्पर्धा करावी लागली, आणि त्या स्पर्धेत रस्ते हरले.

२. एकाच हातची दोन कामे

या अर्थांतराच्या दोन्ही टोकांस एकच व्यक्ती उभी आहे. व्हिक्टर ग्रुएन हे १९०३ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले आणि १९३८ साली अमेरिकेत आश्रय घेतलेले वास्तुकार. मिनेसोटा राज्यातील एडायना येथील 'साउथडेल' (१९५६) हे पूर्णतः बंदिस्त व नियंत्रित हवामानाचे पहिले उपनगरी संकुल त्यांनीच रचले. त्याच वर्षी टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहरासाठी त्यांनी अगदी उलट दिशेची योजना मांडली : शहराच्या मध्यभागाभोवती वर्तुळाकार मार्ग, त्याच्या कडेस वाहनतळ आणि आतील सर्व क्षेत्र केवळ पादचाऱ्यांचे. ती योजना कागदावरच राहिली. मिशिगनमधील कॅलमझू या शहराने मात्र त्यांच्या आराखड्यातील पादचारी रस्त्याचा भाग स्वीकारून १९५९ साली प्रत्यक्षात आणला. अमेरिकेतील पहिला खुला पादचारी बाजाररस्ता म्हणून त्याची गणना होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ग्रुएन यांच्या विचारात पादचारी रस्ता हा एका व्यवस्थेचा अंतिम घटक होता. वर्तुळमार्ग, वाहनतळ, सार्वजनिक वाहने आणि केंद्रभागातील वस्ती ही त्या व्यवस्थेची पूर्वांगे होत. कॅलमझूने, आणि पुढे बहुतेक शहरांनी, पूर्वांगे वगळून केवळ अंतिम घटक उचलला. कारण तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दृश्य होता. १९५९ नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत सुमारे २०० पादचारी पेठा निर्माण झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा मोटारींना खुल्या कराव्या लागल्या. खुद्द कॅलमझूनेही १९९८ साली आपल्या रस्त्याचा काही भाग वाहनांना खुला केला.

३. फ्रेझ्नो : मृत ठरविलेला रस्ता

फ्रेझ्नोची योजनाही ग्रुएन यांचीच. तिचे भूदृश्य गॅरेट एक्बो यांनी रचले. सहा चौकांच्या लांबीत कारंजी, सावलीचे वृक्ष, बैठका आणि शिल्पे यांची मांडणी होती. रनवार यांचे एक ब्राँझशिल्पही तेथे भर रस्त्यात उभे होते. परंतु शहराची वाढ उत्तरेकडे होत राहिली. १९७० साली तिकडे मोठे व्यापारसंकुल उघडले आणि १९८८ साली शहरातील प्रमुख वस्तुभांडारानेही मध्यभाग सोडला. रस्त्यावरील उंच इमारतींचे वरचे मजले रिकामे पडले. यानंतर फुल्टन मॉलचा उल्लेख 'मृत' या विशेषणावाचून क्वचितच होऊ लागला.

हे विशेषण तपासून पाहण्यासारखे आहे. ज्या काळात हा रस्ता मृत म्हटला जात होता, त्या काळात तेथे स्पॅनिशभाषक कुटुंबांची, विशेषतः श्रमिकांची, ये-जा चालू होती. तळमजल्यावरील लहान दुकाने त्यांच्याच गरजा भागवीत होती. मुले कारंज्यांजवळ खेळत, वृद्ध वृक्षांखाली बसत. म्हणजे रस्त्यावर माणसे होती. नव्हता तो विशिष्ट उत्पन्नगटातील ग्राहक. 'अभ्यागत परत आणणे' या शब्दप्रयोगात जे आधीपासूनच आलेले आहेत त्यांची गणना होत नाही, हे फ्रेझ्नोच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२०१३ साली केंद्र शासनाकडून सुमारे १.६ कोटी डॉलरचे वाहतूक-अनुदान मिळाले. वारसाप्रेमी नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली, तीत त्यांना यश आले नाही. २०१६ मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये रस्ता मोटारींना खुला झाला. शिल्पांची डागडुजी करून ती नव्या पदपथांवर पुन्हा मांडण्यात आली; एक्बो यांची सलग रचना मात्र नाहीशी झाली. रस्त्याकडेला मोटार उभी करून दुकानात शिरता येणे ही सोय खरीच. परंतु रिकाम्या मजल्यांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, कारण तो मुळात रस्त्याच्या रचनेतून उद्भवलेला नव्हता, शहराच्या विस्तारातून उद्भवला होता.

४. सांता मोनिका आणि डेन्व्हर

सांता मोनिकाच्या मॉलला १९८० साली दोन पावलांवर उभ्या राहिलेल्या बंदिस्त संकुलाचा फटका बसला. १९८९ च्या पुनर्रचनेत केवळ फरसबंदी बदलली नाही, वापर बदलला. नवी चित्रपटगृहे याच रस्त्यावर यावीत असे धोरण नगरपालिकेने आखले, उपाहारगृहांना उत्तेजन दिले आणि संध्याकाळनंतरही रस्ता जागा राहील अशी तजवीज केली. या उपायाला दीर्घकाळ यश लाभले. तथापि २०२० च्या महासाथीनंतर तेथेही गाळे रिकामे पडले, आणि एकदा साधलेली पुनर्रचना कायमची नसते हा धडा मिळाला.

डेन्व्हरचे उदाहरण तांत्रिक दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. आय. एम. पेई यांच्या संस्थेने रचलेला हा ८० फूट रुंदीचा रस्ता शुद्ध पादचारी नव्हता. मध्यवस्तीतील बसगाड्यांची कोंडी फोडण्यासाठी दोन टोकांना स्थानके आणि त्यांना जोडणाऱ्या विनामूल्य बसगाड्या, अशी त्याची मूळ कल्पना होती. ग्रॅनाइटच्या फरशांत विशिष्ट जातीच्या सर्पाच्या पाठीवरील चौकटींची आठवण करून देणारी नक्षी विणलेली होती. परंतु पावसात त्या निसरड्या होत, खालचे पाणी निचरत नसे आणि बसगाड्यांच्या भाराने त्या फुटत. शिवाय रस्त्याच्या बऱ्याच भागात बसगाड्यांच्या दोन मार्गिका एकमेकींपासून अलग होत्या आणि त्यांच्यामधील वृक्षांकित पट्टा दोन्ही बाजूंनी बसगाड्यांनी वेढलेला असल्याने तेथे फारसे कोणी थांबत नसे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या पुनर्बांधणीत दोन्ही मार्गिका मध्यभागी शेजारी-शेजारी आणल्या गेल्या. त्यामुळे वाया जाणारी मधली रुंदी दुकानांलगतच्या पदपथांना मिळाली. या कामाचा खर्च सुमारे १७.५ कोटी डॉलरपर्यंत गेला.

येथील तत्त्व साधे आहे : तीच रुंदी, पण तिचे वाटप निराळे. मनुष्य मोकळ्या जागेच्या मध्यभागी थांबत नाही, कडेला थांबतो. पाठीशी भिंत आणि समोर ये-जा असावी, हे त्याला रुचते. परंतु या उपायाची किंमतही नमूद केली पाहिजे. साडेतीन वर्षे उखडलेल्या रस्त्यावर दुकान चालविणाऱ्यांचे हाल झाले. ज्यांच्यासाठी काम काढले त्यांतील काही जण ते पूर्ण होईपर्यंत टिकले नाहीत.

५. रूपके आणि धोरणे

या सर्व व्यवहारामागे काही रूपके कार्यरत आहेत. ग्रुएन यांच्या १९६४ सालच्या ग्रंथाच्या शीर्षकातच शहराचे 'हृदय' आहे. हमरस्ता ही 'धमनी' मानली की तुंबणे हा रोग ठरतो आणि वाहणे हे आरोग्य. मग रस्त्यावर थांबणारा मनुष्य हा अडथळा होतो. अमेरिकन नगर-नवीकरणाच्या कायद्यांत दुरवस्थेतील वस्तीस लावली जाणारी संज्ञा तर मूळची वनस्पतींवरील कीड-करपा दर्शविणारी आहे. ती संज्ञा एखाद्या भागास लागली की तेथील रहिवासीही रोगाचाच भाग समजले जातात. फ्रेझ्नोच्या 'मृत' रस्त्याचे मूळ याच शब्दसृष्टीत आहे.

'ट्रॅफिक' या शब्दाचा इतिहास याहून मार्मिक आहे. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ व्यापार, देवघेव असा होता. वाहनांची ये-जा हा अर्थ एकोणिसाव्या शतकात आला. व्यापाराचा शब्द वाहनांनी बळकावला, आणि आता व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकांच्या वर्दळीविषयी बोलताना त्यामागे 'पायांची' असे विशेषण जोडावे लागते. 'पादचारी रस्ता' ही संज्ञाही त्याच जातीची आहे : जो रस्ता मुळात चालणाऱ्यांचाच होता, त्याला आता विशेषणाची गरज पडते. मराठीत 'रहदारी' आणि 'वर्दळ' हे दोन शब्द अद्याप वेगळे आहेत. रहदारी मोजली जाते ती मार्गाच्या सोयीसाठी. वर्दळ असते ती माणसांची, आणि तीत थांबणे, बोलणे, घासाघीस करणे हे सारे अंतर्भूत असते. पादचारी पेठेची परीक्षा वर्दळीवरून व्हावयास हवी; प्रत्यक्षात ती रहदारीवरून किंवा भाड्याच्या दरावरून होते.

'पेठ' या शब्दातही असाच संकेत दडलेला आहे. पुण्यात पेठ म्हणजे बाजारही आणि वस्तीही. खाली दुकान, वर बिऱ्हाड. फ्रेझ्नोच्या मध्यभागी नेमका हा वरचा मजला रिता होता. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त वाहनांस बंद ठेवण्यात आला होता. अशा प्रयोगांचा विचार करताना आयत्या अमेरिकन आराखड्यांपेक्षा वस्ती व बाजार यांची ही जोड टिकविणे अधिक महत्त्वाचे ठरेल.

६. उपसंहार

तुलनेसाठी कोपनहेगनचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथील मुख्य बाजाररस्ता १९६२ साली प्रथम प्रयोगादाखल वाहनांस बंद झाला आणि १९६४ साली ती बंदी कायम झाली. त्यानंतर शहराने हे काम थांबविले नाही. रस्त्यांमागून रस्ते आणि चौकांमागून चौक, असे ते टप्प्याटप्प्याने चालू ठेवले. १९६२ साली पादचाऱ्यांसाठी १५,८०० चौरस मीटर जागा होती, ती १९९६ पर्यंत सुमारे ९६,००० चौरस मीटर झाली. अमेरिकन शहरांनी एका रस्त्यावर सर्व भार टाकला. कोपनहेगनने त्या रस्त्याभोवतीचे शहर हळूहळू बदलले.

या रस्त्याचे 'स्ट्रॉयेट' हे नाव नगररचनाकारांनी दिलेले नाही. ते वाहनबंदीच्या कितीतरी आधीपासून फेरफटका मारणाऱ्या लोकांच्या तोंडी होते. प्रत्यक्षात तो एक रस्ता नसून अनेक लहान रस्त्यांची ओळ आहे, आणि कोपऱ्यांवरील पाट्यांवर आजही त्यांची निरनिराळी नावे वाचावयास मिळतात. अमेरिकेतील तीन रस्त्यांना प्रथम नाव मिळाले आणि मग त्या नावास शोभतील अशा माणसांचा शोध सुरू झाला. येथे माणसे आधी होती. नाव त्यांच्या चालण्यातून आले, म्हणून ते बदलण्याची वेळ कोणावर आली नाही.