माशाच्या पोटातले कवायत-मास्तर

मुलांनो, मासळी साफ करताना आई आतडी मांजरीपुढे टाकते ना? आमच्या पूर्ण्यातही तेच! पण त्या इवल्या आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात. ते तिथे करतात तरी काय?

२००४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी झेब्रा माशाची पिल्लं जंतूंशिवाय वाढवली. हा पट्टेरी मासा मूळचा आपल्याकडचाच! नेहमीच्या पिल्लांशी तुलना केली, तर काय गंमत! जिवाणू नसलेल्या पिल्लांत रोगाशी लढणारी काही जनुकं सुस्तच होती. म्हणजे जिवाणू हे त्यांचे कवायत-मास्तरच की!

म्हणून मत्स्यतळ्यात उगाच अँटिबायोटिक ओतलं, तर रोगजंतूंबरोबर हे मास्तरही मरतात. आपल्या पोटातही असे मित्र आहेत. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली गोळी घ्यायची नाही हं!