सावित्रीकाठच्या पाणथळ वनस्पती

पोलादपुराकडून खळाळत येणारी सावित्री महाडजवळ गांधारीस मिळते आणि पुढे तिला बाणकोटच्या खाडीचे रूप येते. पूर्वी भरतीच्या आधाराने लहान गलबते दासगाव व महाडपर्यंत येत असत. एकाच नदीच्या काठी वरच्या अंगास व खालच्या अंगास निराळ्या वनस्पती का वाढतात, हा परिसर-अभ्यासाचा उत्तम पाठ होय.

पोलादपुराकडील पाणी गोडे. परंतु पावसाळ्यात त्याचा ओघ प्रचंड असतो. तेथे लव्हाळ्यासारख्या लवचिक व चिवट मुळांच्या वनस्पती टिकतात. खाडीत अडचण निराळी. तेथे पाणी खारट आणि चिखलात प्राणवायू अल्प. तिवर आपल्या पानांवाटे जादा मीठ बाहेर टाकतो व चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतो. पानावर फिरविलेले बोट जिभेस लावल्यास मुलांना हे मीठ प्रत्यक्ष कळते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते व त्याचा लांब कोंब गळून चिखलात मूळ धरतो.

मनुष्याच्या व्यवस्थेनेही हे समूह बदलतात. खारभूमीस बांध घालून उघाडी ठेवली की भरतीचे पाणी बाहेर राहते, पावसाने जमिनीतील मीठ धुऊन जाते आणि भात पिकते. बांधास पडलेले खांड वेळीच बुजविले नाही, तर भात करपते आणि कालांतराने त्या शेतात तिवरे उगवतात. उलटपक्षी, तिवराच्या श्वासमुळांवर भराव पडल्यास कुऱ्हाड न लावताही झाड गुदमरून मरते.

तरीही बांध राखणे व तिवरे राखणे ही परस्परविरोधी कामे नव्हेत. बांधाबाहेरील तिवरे लाटांचा मारा झेलतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, ती याच उपयुक्ततेमुळे.

खाडीलगतच्या शाळांतील शिक्षकांनी वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर व वैशाखात, ओहोटीच्या वेळी मुलांना बांधावर न्यावे. ठरलेल्या जागी कोणत्या वनस्पती आहेत, हे दरवर्षी एकाच वहीत नोंदवावे. बांधाच्या आत तिवराचे पहिले रोप दिसले, तर खारे पाणी शेतात शिरू लागल्याची ती सूचना समजावी व ग्रामपंचायतीस तत्काळ कळवावे. खांड लहान असतानाच बुजविता येते.