खांबाचा भाव किलोवर ठरत नाही

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये रस्त्याच्या फलकांसाठी खांब विचारायला जो येतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वहिनी, किलोला काय लावणार?" मी उलट विचारते, फलक केवढा, जमिनीपासून किती उंच आणि उभा राहणार कुठं? मग समोरचा जरा बुचकळ्यात पडतो. खांबात एवढं काय विचारायचं, असं त्याच्या तोंडावर दिसतं.

विचारायचं ते वाऱ्यासाठी. फलक म्हणजे उभं धरलेलं शीड. इमारतींवरच्या वाऱ्याचा हिशेब ज्या आयएस ८७५ या भारतीय मानकावरून करतात, त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलाय. रोजचा वारा असा नसतो. पण पन्नास वर्षांत कधीतरी येणाऱ्या त्या झोतालाही खांब टिकला पाहिजे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून आकड्यांत फरक थोडा दिसला तरी पुण्यात चौरस मीटरला साधारण ९३ किलोचा दाब येतो आणि मुंबईत ११८ किलोचा.

हे खांबावर कसं उतरतं बघा. वळणाचा इशारा देणारा ९० सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण घेतला, तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ०.३५ चौरस मीटर. सपाट फलकाचा गुणक धरला की पुण्याच्या वाऱ्यात त्यावर ४० किलोच्या आसपास जोर येतो. गावांची नावं आणि बाण असलेला १.२ मीटर बाय ९० सेंटिमीटरचा फलक घेतला, तर जोर थेट १२० किलोवर जातो. तोही फलकाच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून जवळपास दोन मीटर उंचीवर. खांब वाकतो तो मात्र बुडाशी, कारण सगळा ताण तिथं गोळा होतो. त्रिकोणाला ५० मिलिमीटरचा बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, पाइप पुरून उरतो. तोच पाइप दिशादर्शकाला लावला, तर माझ्या हिशेबात पोलाद वाकायच्या हद्दीपलीकडं जातं. तिथं ६५ चा पाइप लागतो. दोन्ही खांब लांबून सारखेच दिसतात, म्हणून गाडीत एकत्र भरले जातात आणि जागेवर ज्याच्या हाताला जो लागेल तो उभा राहतो.

सरकारी कामात वर्षानुवर्षं चालत आलेला खांब म्हणजे अँगल. ७५ बाय ७५, सहा मिलिमीटर जाडीचा. खाली ४५ सेंटिमीटर चौरस आणि ६० सेंटिमीटर खोल काँक्रीट, वर २५-२५ सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे, जमिनीलगतचा पट्टा काळा. अँगलचे गुण मी नाकारत नाही. कुठल्याही गावातला वेल्डर तो कापतो, भोकं पाडतो. गंज आत लपत नाही, चारी बाजूंनी ब्रश फिरवता येतो.

पण अँगल पिळाला फार कच्चा असतो. वहीचा एक कागद काटकोनात दुमडून पिळून बघा, मग त्याच कागदाची नळी करून कडा चिकटवा आणि पिळा. अँगल आणि पाइपमध्ये फरक तोच. मीटरला ६.८ किलोचा हा अँगल आणि ६.४ किलोचा ६५ चा बी क्लास पाइप यांची तुलना केली, तर वजनानं हलका असूनही पाइप पिळाला शंभरपट ताठ निघतो. वारा फलकावर कधीच सगळीकडं सारखा येत नाही, आणि शेजारून ट्रक गेला की एका कडेला झोत बसतो. घाटात फडफडणारे फलक दिसतात त्यात असे अँगल पुष्कळ असतात. शिवाय अँगलची धार. दुचाकीवाला घसरून त्यावर गेला तर काय होतं, ते लिहायला नको.

पाइपचीही खोड आहे. गोल असल्यानं क्लँप जरा ढिला झाला की फलक फिरतो, आणि बाण भलत्याच गावाकडं वळतो. त्यावर आम्ही चौकोनी पाइप वापरतो, नाहीतर क्लँपमधून आरपार बोल्ट घालतो. काँक्रीटमध्ये अख्खा खांबच फिरू नये म्हणून बुडाला सळईचा आडवा तुकडा जोडतो. हा तुकडा वाचवून किती पैसे वाचतात, हे मला अजून कळलेलं नाही, पण वाचवतात.

पाइप घेताना फसायच्या जागा दोन. पहिली जाडीची. ए, बी, सी या तिन्ही क्लासचं बाहेरचं माप सारखंच असतं. नावाला ६५ असलेल्या पाइपचं ७६.१ मिलिमीटर. फरक असतो भिंतीत: ए ला ३.२, बी ला ३.६, सी ला ४.५ मिलिमीटर. कंपनीचा पट्टा ए ला पिवळा, बी ला निळा, सी ला लाल. पण पट्टा पुसता येतो, रंगवता येतो. म्हणून वजनकाटा. बी क्लासचा सहा मीटरचा नग साडेअडतीस किलोच्या आसपास भरला पाहिजे, साडेचौतीस भरला तर तो ए क्लास. आमच्या जुन्या वेल्डरला काटाही लागत नाही. गाडीतनं नग उतरवतानाच म्हणतो, "वहिनी, ह्यो हलका लागतोय." मग वर्नियर लावायचा तो फक्त पुरवठादाराला दाखवायला.

दुसरी जागा जस्ताची. गॅल्व्हनाइजिंग म्हणजे साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खा खांब बुडवणं. पाच मिलिमीटर आणि त्यापुढच्या जाडीवर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसावं, पाचच्या खाली दोनपर्यंत ४६० ग्रॅम, असं आयएस ४७५९ सांगतं. हे जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून ओरखडा पडला तरी आसपासचं लोखंड सांभाळलं जातं. चंदेरी रंगाला ही करामत जमत नाही, आणि बाजारात चंदेरी रंग फासलेले खांब गॅल्व्हनाइज म्हणून खपतात. ओळखायचं सोपं: पाइपच्या आत बॅटरी मारा. बुडवलेला खांब आतूनही चकाकतो, फवारलेल्याच्या आत काळं लोखंड किंवा तांबूस गंज दिसतो.

बुडवायच्या आधी सगळी भोकं पाडून, सगळं वेल्डिंग उरकून घ्यायचं. नंतर ड्रिल मारलं की तेवढी जागा उघडी पडते, आणि वेल्डिंग केलं की जस्त जळून पांढरा धूर होतो, जो छातीत जाऊ नये. टोपी आणि बेस प्लेट जोडून दोन्ही तोंडं बंद केलेल्या पाइपला वर-खाली भोक ठेवावंच लागतं. आत थोडं पाणी कोंडलेलं असेल तर टाकीत त्याची क्षणात वाफ होते आणि पाइप फुटून वितळलेलं जस्त माणसांवर उडू शकतं. आमच्याकडून माल जाताना एक माणूस फक्त ही भोकं मोजतो. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेसाठी मी जस्तावर रंगही देते, पण आधी जस्ताला धरून बसणारा एच प्रायमर मारून. नाहीतर काळे-पांढरे पट्टे पापुद्र्यांसारखे सुटतात. आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या जरा वर काढून उतरता करायचा, कारण पाणी साचतं ते नेमकं खांबाच्या बुडाशी, जिथं ताणही सगळ्यात जास्त.

एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, मग सरळ सी क्लासच द्या, जाड असलेला बरा. इथं मी थांबवते. खांबानं वाऱ्याला दाद देऊ नये, पण गाडीला द्यावी. ब्रिटनमध्ये ८९ मिलिमीटर व्यासापर्यंतचा आणि ३.२ मिलिमीटर भिंतीचा साधा पोलादी पाइप धडकेला पुरेसा नरम धरतात. त्यापुढं खास तुटणारा खांब लावा किंवा कठडा घाला. अमेरिकेत रस्त्यालगतच्या पट्ट्यातला खांब धडकेत तुटणारा किंवा वाकणारा हवा, नाहीतर कठड्याच्या आड. टेक्सासात १९६० च्या दशकात तयार झालेल्या रचनेत बुडाशी दोन प्लेटा असतात आणि बोल्ट उघड्या खाचांत बसवलेले असतात. धडक बसली की वरचा खांब सटकून निघतो आणि मागं उरणारा खुंट चार इंचांपेक्षा उंच नसावा लागतो. दुसरा प्रकार भोकाभोकांच्या चौकोनी नळीचा: जमिनीत बाही कायमची, खांब त्यात खोवलेला. धडकेनंतर तेवढा खांब बदलायचा, काँक्रीट फोडायची गरज नाही. दुरुस्तीच्या खर्चाकडं बघितलं तरी हे आपल्याकडं परवडेल असं माझं मत आहे. एकदा दोन साहेबांना नमुना करून दाखवलाही. "टेंडरात बसत नाही," असं उत्तर मिळालं.

राहता राहिला तो भार, जो कुठल्याच कोडात नाही: भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स म्हणजे सव्वादोन चौरस मीटर, दिशादर्शकाच्या दुप्पट शीड. तो सुतळीनं खांबाला बांधला की वारा दुप्पट व्हायची गरजच नाही. माझ्या कोटेशनच्या तळाला आता एक ओळ छापलेली असते: खांबाला फ्लेक्स बांधलेला आढळल्यास हमी रद्द.