चार बोटांची जागा

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पर्यटकांभोवती घोडेवाल्यांचा गराडा पडतो. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे इथला घोडा हौसेपुरता नाही. माणसांबरोबर सामानाची ने-आणही त्याच्या पाठीवर होते. पर्यटक घोड्याचा रंग पाहतो, उंची पाहतो आणि भाव करतो. जाणकार मात्र खाली वाकून घोड्याच्या पोटाखाली नजर टाकतो.

खोगीर जागेवर धरून ठेवणारा पट्टा म्हणजे तंग. तो पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीला वळसा घालतो. कोपरामागची ती चार बोटांची जागा फार नाजूक. कातडी पातळ, सैल. पाय मागे आला की तिला सुरकुती पडते आणि नेमकी तंगाच्या कडेत सापडते. त्यात माथेरानची जांभ्याची लाल धूळ. घाम, धूळ आणि झडलेले केस एकत्र वाळले की तंगाच्या आतल्या बाजूला खरखरीत पापुद्रा धरतो आणि दिवसभर तिथेच घासत राहतो. आधी केस उडतात, मग सूज येते, मग ओली जखम.

तंग सैल ठेवला की प्रश्न मिटला, असं नवख्याला वाटतं. ते चूक आहे. सैल तंग सरकतो आणि सरकला की जास्तच घासतो. शिवाय उतारावर खोगीर कलंडलं तर स्वार थेट जमिनीवर. करकचून आवळण्यातही शहाणपण नाही. ऑस्ट्रेलियात शर्यतीचे घोडे ट्रेडमिलवर पळवून पाहिले, तेव्हा तंगाचा ताण वाढला तसे ते लवकर दमले. ब्रिटनमध्ये तंगाखालचा दाब मोजला गेला, तेव्हा तो सर्वांत जास्त आढळला कोपरामागेच, छातीच्या मधल्या हाडावर नव्हे.

चांगला घोडेवाला म्हणूनच घाई करत नाही. आधी खरारा, मग तळहाताने ती जागा दोन्ही बाजूंनी चाचपायची. चिकटलेली माती, गाठ, गरम लागणारी सूज डोळ्यांआधी हाताला कळते. तंग एकदम कसायचा नाही. पहिल्यांदा खोगीर जेमतेम टिकेल इतकाच. घोडा चार पावलं चालवून पुन्हा एक भोक. स्वार बसण्यापूर्वी शेवटचा. कसताना बरेच घोडे छाती फुगवून धरतात, म्हणून चालवल्यावर पुन्हा पाहणं भागच असतं. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. मग पुढचा एकेक पाय गुडघ्याखाली धरून हलकेच पुढे ओढायचा, म्हणजे अडकलेली सुरकुती सुटते. या ओढण्याला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी गर्दीच्या दिवशी पहिली कात्री यालाच लागते.

तंग हातात घेताच कान मागे टाकणारा, वळून चावायला येणारा घोडा ‘खोडकर’ ठरतो. बहुतेकदा तो दुखणं सांगत असतो. कधी पोटातला अल्सरही त्यामागे असतो. त्याला फटका मारून काहीही साधत नाही.

पावसाळ्यातल्या विश्रांतीनंतरचे दिवस विशेष जोखमीचे. कातडी मऊ झालेली असते, पोट सुटलेलं असतं आणि मे महिन्यातलं बक्कलचं भोक आता जुळत नाही. सुरुवातीच्या फेऱ्या लहानच हव्यात. सुती तंग घाम शोषतो, पण रोज धुवावा लागतो आणि डोंगरावरच्या दमट हवेत लवकर वाळत नाही. म्हणून प्रत्येक घोड्यामागे दोन तंग ठेवणं हा चैनीचा खर्च नव्हे. नायलॉनची अरुंद पट्टी स्वस्त पडते, मात्र कातडी कापते. वापरायचीच तर तिच्यावर मेंढीच्या लोकरीची खोळ चढवावी.

जखम झालीच तर खोळ चढवून काम चालू ठेवणं हा उपाय नाही. ती जागा धुऊन, कोरडी ठेवून, केस पुन्हा येईपर्यंत तंग लावायचाच नाही. जखमी, कामाला अयोग्य जनावराला राबवणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पर्यटकाच्या हातातही थोडं काही आहे. भाव ठरवण्याआधी खाली वाकावं, कोपरामागची जागा पाहावी. ती लाल किंवा ओली दिसली तर दुसरा घोडा मागावा, आणि का मागितला तेही घोडेवाल्याला सांगावं.