स्पेनच्या प्रवासात स्पॅनिश बोलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

थोडंफार स्पॅनिश शिकून स्पेनला निघालेल्या मराठी प्रवाशाला दोन तऱ्हेचं बोलणं ऐकावं लागतं. कोणी म्हणतं, ‘तिथे गेलीस की आपोआप बोलायला लागशील.’ कोणी म्हणतं, ‘एवढ्याशा स्पॅनिशवर काय बोलणार?’ पहिल्या बोलण्यामुळे तयारी राहून जाते, दुसऱ्यामुळे तोंड उघडत नाही. प्रवासात भाषा नक्की वाढते, पण ठरवून आणि रोज वापरली तरच. त्याच्या आड येणारे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: त्या देशात राहिलं की भाषा आपोआप येते.

वस्तुस्थिती: फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना करणारा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. एक गट आपल्याच कॉलेजात शिकत होता, दुसरा फ्रान्समध्ये राहत होता आणि तिसरा अमेरिकेतच, दिवसभर फ्रेंच बोलायला लावणाऱ्या उन्हाळी वर्गात होता. बोलण्यातला ओघ सर्वांत जास्त सुधारला तो या तिसऱ्या गटाचा. फ्रान्समधले विद्यार्थी फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होते. मुक्काम कुठे आहे यापेक्षा दिवसभरात ती भाषा किती वेळा तोंडातून निघते, हे महत्त्वाचं. स्पेनमध्येही हॉटेल, टॅक्सी आणि तिकिटं मोबाइलवरून ठरवत गेलात तर एकही स्पॅनिश वाक्य न बोलता सहल पूर्ण होऊ शकते.

गैरसमज २: आधी व्याकरण पक्कं करावं, मग बोलावं.

वस्तुस्थिती: युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या आराखड्यात ‘ए१’ ही पहिली पायरी आहे. समोरचा माणूस सावकाश बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल, तर साधा संवाद साधता येणं, असं तिचं वर्णन आहे. म्हणजे ऐकणाऱ्याची मदत या पातळीत धरलेलीच आहे. ती मागण्यात कमीपणा नाही. ‘मास देस्पासियो, पोर फावोर’ (जरा सावकाश, प्लीज) हे वाक्य विमानात बसण्याआधी पाठ असावं.

गैरसमज ३: ते लोक इतकं भरभर बोलतात की नवशिक्याला काही कळणारच नाही.

वस्तुस्थिती: वेग खरोखरच जास्त आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्पॅनिश बोलणारे सेकंदाला सुमारे ७.८ अक्षरं उच्चारत होते, इंग्रजी बोलणारे सुमारे ६.२. पण स्पॅनिशमधल्या एकेका अक्षरात माहिती कमी असते, त्यामुळे ठरावीक वेळात पोचणारा मजकूर जवळपास सारखाच भरतो. शिवाय कॅफेतले प्रश्न ठरलेले असतात. ‘पारा तोमार आकी ओ पारा येवार?’ म्हणजे इथेच घेणार की बरोबर नेणार? ‘आल्गो मास?’ म्हणजे आणखी काही? ‘कोन तार्खेता ओ एन एफेक्तिवो?’ म्हणजे कार्ड की रोख? हे तीन प्रश्न कानाला ओळखीचे झाले की निम्मी भीती जाते.

गैरसमज ४: स्पॅनिशकडे जाण्याची वाट इंग्रजीतूनच जाते.

वस्तुस्थिती: हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण मराठी माणूस हाताशी असलेली शिदोरी बाजूला ठेवून निघतो. स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या अगदी जवळचे आहेत. तिथला ‘त’ दंत्य आहे. इंग्रजीच्या सवयीने त्याचा ‘ट’ करू नका. क, त, प हेही आपल्यासारखेच, श्वासाचा झटका न देता उच्चारायचे.

वाक्यरचनेतली जवळीक तर याहून मोठी. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही बदलतं: ‘मे गुस्तान लोस मांगोस’, ‘मला आंबे आवडतात’. इंग्रजीभाषकांना हे उलटं वाटतं, आपल्याला ते रोजचंच. बाई ‘थकले’ म्हणते, पुरुष ‘थकलो’ म्हणतो. तसंच ‘एस्तोय कान्सादा’ आणि ‘एस्तोय कान्सादो’. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यासारखे तिथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ आहेत. कॉफी मागतानाही इंग्रजीतली लांबलचक विनंती शब्दशः आणायची गरज नाही. ‘मे पोने उन काफे, पोर फावोर’ हे ‘मला एक कॉफी द्या’ इतकंच सरळ आहे आणि स्पेनमध्ये ते उद्धट वाटत नाही.

मेहनत लागते ती वेगळ्या ठिकाणी. ‘असणे’ यासाठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. नामाचं लिंग मराठीशी जुळेलच असं नाही. ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांतला ‘र’ वेगळा ठेवावा लागतो.

गैरसमज ५: ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगितलं की पुरे.

वस्तुस्थिती: ‘कार्ने’ म्हणजे मांस, पण हा शब्द ऐकताना अनेकांच्या मनात खामोन (हॅम) किंवा मासे येत नाहीत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या सॅलडमध्ये बहुधा ट्यूना असतो, तर मसुराच्या किंवा भाजीच्या पदार्थात हॅमचे तुकडे असू शकतात. स्पेनमधली ‘तोर्तिया’ म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, मेक्सिकोतली मक्याची पोळी नव्हे. म्हणून पूर्ण वाक्य बोला: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन.’ अंडं चालत नसेल तर पुढे ‘नी वेवोस’ जोडा. मग पदार्थाकडे बोट दाखवून विचारा, ‘येवा आतून?’ यात ट्यूना आहे का? पोटाशी संबंध असलेला हा सराव सहसा विसरला जात नाही.

गैरसमज ६: एक स्पॅनिश शिकलं की सगळीकडे तेच चालतं.

वस्तुस्थिती: स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे. समजण्याची अडचण फारशी येत नाही, पण फरक माहीत असावेत. माद्रिदमध्ये ‘ग्राथियास’ ऐकू येईल, तर सेव्हियात आणि लॅटिन अमेरिकेत ‘ग्रासियास’. बसला माद्रिदमध्ये ‘औतोबूस’ म्हणतात, कॅनरी बेटांवर ‘ग्वाग्वा’. बस ‘पकडण्या’साठी स्पेनमध्ये सर्रास वापरलं जाणारं ‘कोखेर’ मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात अश्लील ठरतं. ‘तोमार’ दोन्हीकडे चालतं. बार्सिलोनात कॅटलानलाही अधिकृत दर्जा आहे, त्यामुळे पाट्या कळल्या नाहीत तर स्वतःच्या अभ्यासाला दोष देऊ नका.

गैरसमज ७: समोरचा इंग्रजीत उत्तर देतो, म्हणजे आपलं स्पॅनिश वाईट.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा त्याला फक्त लवकर काम उरकायचं असतं. ‘एस्तोय आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल’ (मी स्पॅनिश शिकतेय) असं हसून सांगितलं की बरेच जण परत स्पॅनिशवर येतात. वेळही नीट निवडा. दुपारी दोन ते साडेतीन ही तिथली जेवणाची गर्दी, तेव्हा वेटरला सवड नसते. सकाळी अकराच्या सुमाराला मंडईतला फळवाला किंवा पर्यटकांच्या रस्त्यापासून दूर असलेली बेकरी बरी. रोज त्याच दुकानात जा, आत शिरताना ‘ब्वेनोस दियास’ म्हणा आणि कालच्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारा.

आठवड्याभराच्या सहलीत कोणी स्पॅनिशमध्ये पारंगत होत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. इंग्रजीचा आधार न घेता न्याहारी मागवणं, भाव विचारणं, पत्ता समजून घेणं ही कामं पार पडली, तर नवशिक्यासाठी ते भक्कम यश आहे. त्यासाठी लागणारं व्याकरण आणि उच्चार यांचा मोठा भाग मराठी बोलणाऱ्याकडे आधीपासूनच आहे. तो निःसंकोच वापरावा.